कडू पाणी आणि पांढरं लाकूड

वाळवीला शिव्या देणं सोपं असतं. ती काही ऐकायला बसलेली नसते. भिंतीच्या आत, फळीच्या पोटात तिचं काम गुपचूप चालू असतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा वरचा रंग तेवढा शाबूत उरलेला असतो, आत नुसती माती. मग घरातले सगळे एकमेकांवर ओरडून घेतात, आणि दमले की कोणीतरी म्हणतं, "कडूवहिनींना बोलवा."

कडूवहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नव्हती, आणि मारली असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं की नाही, शंकाच आहे. नवरा सुतार, त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून या वहिनी. आणि हातांना, केसांना, कपड्यांना सदा कडू पाल्याचा वास, म्हणून कडू. स्वभावानं कडू होत्या का? होत्या थोड्या, खोटं कशाला बोला. एखादी घरमालकीण म्हणाली, "वहिनी, तुमच्या पाण्यानं दाराला डाग तर नाही ना पडणार?" की या म्हणायच्या, "पडेल. आधी ठरवा, दार हवंय की डाग नकोय?"

काम असं. कडुनिंबाचा पाला, निर्गुडीचा पाला आणि थोडा सीताफळाचा. कोवळा नको, पार जून झालेलाही नको. दगडी उखळात ठेचायचा, पाण्यात भिजत घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात चुलीवर चढवायचा. पाणी आटलं की जाड कापडातून गाळायचं, लाकडाला धरून राहावं म्हणून रिठ्याचं पाणी मिसळायचं, आणि कुंच्यानं लावायचं. यात गुपित काही नव्हतं. वहिनी विचारील त्याला सांगायच्या. पुष्कळांनी घरी करून पाहिलं आणि पुष्कळांची दारं वाळवीनं तरीही खाल्ली. कारण उकळणं थांबवायचं कधी, ते घड्याळ सांगत नाही. पाला पावसानंतरचा की उन्हातला, झाड ओढ्याकाठचं की रस्त्याकडेचं, त्यावर सगळं असतं. ते सांगायची वहिनींची जीभ.

पळीतलं पाणी निवलं की एक थेंब बोटावर घ्यायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, थुंकायचं आणि चालायला लागायचं, मागच्या दारापासून थेट पुढच्या फाटकापर्यंत. फाटकाला हात लागेस्तोवर कडूपणा जिभेवर टिकला तर पाणी तयार. मध्येच, पन्हळीखालच्या पिंपापाशी वगैरे उतरला, तर परत चुलीवर. त्यांच्या आईनं त्यांना असंच शिकवलं होतं. दूधवाला फाटकाशी उभा असला की म्हणायचा, "वहिनी, सकाळी सकाळी जीभ कोणाला दाखवताय?" वहिनींना त्या वेळी बोलता यायचं नाही. त्या हातानंच त्याला बाजूला व्हायला सांगायच्या आणि फाटकाला हात लावून मगच त्याचा समाचार घ्यायच्या. लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. वहिनींच्या जिभेला माप होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती न समजता पाणी लावणारे हमखास फसायचे. हे पाणी वाळवीला ठार करत नाही, तिला लाकूड नकोसं करतं. मग ती दुसरीकडे जाते. आता तुम्ही चारही बाजूंनी पाणी मारून ठेवलंत, तर जाईल कुठे? आतच राहील आणि आतलंच खाईल. म्हणून वहिनी एक बाजू कोरडी सोडायच्या, आणि त्या बाजूला, घराबाहेर, ओल्या मातीत मऊ लाकडाचा ठोकळा पुरायच्या. तो वाळवीनं भरला की उपसून जाळायचा. "हाकलायचं तर दार उघडं ठेवून हाकलावं," असं त्यांची आई म्हणायची. पाहुण्यांच्या बाबतीतही वहिनींचं धोरण हेच होतं, पण ते जाऊ दे.

मिस्त्री बायकोच्या अगदी उलट. त्यांचं जे काही भांडण असायचं ते लाकडाशी, माणसांशी नाही. त्यांनी शेवटचं मोठं काम केलं ते नर्सबाईंच्या घरचं. नर्सबाई म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, हात धरून निम्मं गाव जगात आणलेल्या बाई. खाली त्या राहायच्या आणि बाळंतपणं करायच्या, वरच्या मजल्यावर बाळंतिणी आणि त्यांची बाळं. मधला जिना मोडकळीला आला तेव्हा त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि एकच अट घातली.

"जिना वाजता कामा नये," त्या म्हणाल्या. "वर कशीबशी डोळा लागलेली पोरं असतात. माझी दिवसभर चढउतार. एक पायरी कुरकुरली की सगळा मजला रडायला लागतो."

"नाही वाजणार," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी तसा जिना केला. खाचेत खाच बसवलेली, फळीला फळी अशी भिडवलेली की मध्ये कागद जायचा नाही. नर्सबाई अंगानं भरभक्कम. त्या झपाझप वर गेल्या आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना काही ऐकूच आलं नाही. वरून त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी चढले ना रे?" त्या दिवशी मिस्त्री हसले होते. वहिनींना ते हसू लख्ख आठवायचं, कारण तसं सरळ हसू त्यानंतर त्यांच्या तोंडावर आलं नाही.

जिना होऊन थोडेच दिवस झाले असतील. एका सकाळी दाढी करताना मिस्त्रींच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवी बाजू गेली. पाय पुढे थोडा सावरला, काठी घेऊन खिडकीपर्यंत येण्याइतका. तोंडाची उजवी बाजू ओढलेलीच राहिली, बोलणं जड झालं. हात मात्र आला नाही. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता, तो उजव्या मुठीत धरून दाबत राहायचं. मिस्त्री खिडकीशी बसून दाबत राहायचे, म्हणजे डाव्या हातानं उजवी बोटं त्या चेंडूवर मिटायचे.

मागच्या शेडमध्ये त्यांचा कामाचा बाक होता. जुना मोडला म्हणून जिन्याचं काम घेताना त्यांनी तो नवा केला होता. त्या बाकावर एकच काम झालं, जिन्याचं. वहिनींनी त्यावर चादर घातली. रंधा, करवत, पटाश्या पुसून वर मांडून ठेवल्या. कोणी तो बाक मागायला आलं की मिस्त्री म्हणायचे, "हात आला की लागेल." वहिनी दर वर्षी इतर कामांआधी त्या बाकाला कडू पाणी लावायच्या, आणि मग नर्सबाईंच्या जिन्याला. निघताना मिस्त्री बजावायचे, "खालच्या पायऱ्यांना हात सैल सोड." परत आल्या की विचारायचे, "वाजतो का?"

"नाही वाजत," वहिनी सांगायच्या.

एवढंच बोलणं. पण तो माणूस पुढचं वर्षभर त्या दोन शब्दांवर जगायचा, हे वहिनींना माहीत होतं. त्यांच्या हातून झालेली बाकीची दारं-खिडक्या कोणी रंगवल्या, कोणी विकल्या, कोणी तोडल्या. जिना तेवढा होता तसा होता.

मग एका वर्षी वहिनींना ताप आला. चांगला हाडांत मुरलेला ताप. उतरला तरी तोंडाची चव गेलेलीच. तापानंतर तोंड कडू होतं, हे काय कोणाला सांगायला हवं? चहा कडू, भात कडू, साधं पाणी कडू. आणि आईनं बजावून ठेवलं होतं, तापातल्या जिभेवर भरवसा ठेवायचा नाही, जीभ निवळेपर्यंत चूल पेटवायची नाही. वहिनींनी हा नियम तोवर कधी मोडला नव्हता.

पण दिव्याभोवती पंखवाली वाळवी दिसायला लागली होती. जिन्याच्या पाण्याची वेळ होऊन गेली होती. आणि मिस्त्री खिडकीतून सारखे विचारत होते, "जिन्याचं पाणी झालं का?" एकदा तोंड उघडून सांगायचं होतं, माझी जीभ ठिकाणावर नाही, थोडं थांबा. नाही सांगितलं. कमरेत जोर नव्हता, उखळाशी फार वेळ उभं राहवत नव्हतं, आणि आजवर एकही पाणी फुकट गेलं नव्हतं, त्याचा ताठाही होता. त्यांनी थेंब जिभेला लावला, थुंकल्या, फाटकापर्यंत गेल्या. कडूपणा टिकला. टिकणारच. सकाळपासून जीभ कडूच होती. चुलीवर नुसतं विहिरीचं पाणी असतं तरी ते फाटकापर्यंत कडू लागलं असतं.

ते पाणी त्यांनी जिन्याला लावलं आणि घरी येऊन सांगितलं, "नाही वाजत." त्या दिवशी ते खरंही होतं.

पावसाळा गेला. थंडी पडायला लागली तेव्हा नर्सबाई स्वतः दारात आल्या. त्या कधी कोणाकडे जात नसत, लोक त्यांच्याकडे जायचे. वहिनींनी त्यांना मिस्त्रींच्या खिडकीपासून लांब, अंगणात नेलं.

"जिना वाजायला लागलाय," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, थंडीनं असेल. काल कामवाली बादली घेऊन चढत होती, तिचा पाय आत गेला. नडगी सोलली, बाकी काही नाही. पण तिच्या जागी दुसरी कोणी असती तर?"

वहिनी अंगणातल्या चुलीकडे बघत राहिल्या.

"वहिनी, मला तुम्हाला बोल लावायचा नाहीये. पण वर चढणारी बाई स्वतःच्या पोटाकडे बघत चढते, पायाकडे नाही. मी सगळ्यांना खाली घेतलंय. लोखंडी जिना करणाऱ्याला बोलावून मापं दिली. तो दुसऱ्या कामात आहे, थंडी संपली की येईल. तोवर हा नीट झाला, मी स्वतः त्यावर आदळआपट करून बघेन, आणि राहिला तर राहील. नाही तर उतरवायचा."

"लोखंडी वाजेल," वहिनी म्हणाल्या.

"वाजू दे. मोडणार तर नाही."

बाईंचं चुकत नव्हतं.

वहिनी तशाच गेल्या. जिन्याखालची फळी काढून आत शिरल्या आणि दिवा धरून पाहिलं. खालच्या पायऱ्या पोटातून संपल्या होत्या. नखानं टोकरलं तरी पापुद्रा निघत होता. जमिनीतून मातीची बारीक नळी वर आली होती, बाजूच्या फळीला धरून वर वर चालली होती. वरच्या पायऱ्या अजून ठणठणीत होत्या. वहिनी तिथेच, त्या अंधाऱ्या बोळकांडीत, खूप वेळ बसून राहिल्या. त्यांना तापातला तो दिवस आठवला.

घरी आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "नर्सबाई कशाला आल्या होत्या? वाजतो का?"

"नाही वाजत," वहिनी म्हणाल्या. "एका बाळंतिणीला निर्गुडीचा पाला हवा होता शेकायला."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं की जरा जास्तच तपशील देतं. मिस्त्री चेंडू दाबत बसले.

मग वहिनींनी जंग जंग पछाडलं. ताजा पाला, दाट पाणी. वरून खाली लावत आल्या, नर्सबाईंनी दिलेल्या जाड सिरिंजनं भोकाभोकांत सोडलं. बाहेरच्या भिंतीची बाजू कोरडी ठेवून तिथे मातीत मऊ लाकडाची खोकी पुरली. आठवड्यानं उकरून पाहावं तर खोकी नुसती चाटल्यासारखी, आणि जिन्याला मातीची नवी नळी, आधीच्याच शेजारी. परत पाणी. परत नळी. एव्हाना जीभ केव्हाच निवळली होती, पण तिच्यावरचा विश्वास उडाला होता. फाटकापर्यंत जायच्या, परत यायच्या, पुन्हा थेंब लावायच्या, पुन्हा जायच्या. दूधवाल्यानं हे पाहिलं आणि थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

खिडकीत बसलेल्या माणसानं पाहिलं नसेल का?

"अगं," एका दुपारी मिस्त्री म्हणाले, "हे पाणी कोणाचं?"

"आहे एका घरचं."

"एकाच घरचं पाणी इतक्यांदा कोण उकळतं?"

वहिनी गाळायचं कापड पिळत राहिल्या.

"जिना वाजतोय ना?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. वहिनी आत आल्या, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. ताप, कडू तोंड, मोडलेला नियम, कामवालीचा पाय, लोखंडी जिना, सगळं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमचा जिना वाळवीनं नाही खाल्ला. मी खाल्ला."

मिस्त्रींनी चेंडू दाबणं थांबवलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या पायऱ्या?"

"खालच्या."

"खालच्या तीन?"

वहिनींनी वर पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मीच बसवल्यात." मिस्त्रींना बोलायला वेळ लागत होता, शब्द तोंडाच्या एकाच बाजूनं बाहेर यायचे. "झाडाचा आतला गाभा कडक असतो. त्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड गोड, ते आधी खाते. जिना सगळा गाभ्याचा करायचा होता. शेवटी गाभा कमी पडला. खालच्या तीन पायऱ्यांत पांढरं आलं. ते आतल्या अंगाला फिरवलं, तेल मारलं. कोणाला दिसलं नाही."

"आणि म्हणून मला दर वर्षी सांगायचात, खालच्या पायऱ्यांना हात सैल सोड."

"म्हणून."

आता वहिनींचा पारा चढला. डोळे अजून ओले होते, तरी चढला. "मग हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? मी मेली आतल्या आत कुढत बसलेय इतके दिवस, जेवण जात नाहीये, आणि तुम्ही आपले झाकली मूठ धरून बसलात? तुम्ही सांगितलं असतंत तर मी त्या तीन पायऱ्या तापातसुद्धा दोनदा धुतल्या असत्या."

"तू सांगितलं असतंस तर मीही म्हटलं असतं, थांब, जीभ निवळू दे."

आयुष्यभर एका छपराखाली राहून दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती, आणि ती गोष्ट होती त्याच तीन पायऱ्या.

"बाहेर काय पुरलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

"खोकी."

"पातळ फळ्यांच्या खोक्यावर कोण येतंय? त्यांच्या तोंडाला त्या झाडाचं पांढरं लागलंय. तेच द्यायला पाहिजे. जाड, पोट भरेल असं."

"ते झाड तोडून किती काळ लोटला. त्याचं पांढरं आता मी आणू कुठून?"

मिस्त्रींनी मान वळवली. ते मागच्या शेडकडे बघत होते. वहिनींना समजलं, आणि समजल्याबरोबर त्या उठून उभ्या राहिल्या.

"ते नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीही सांगा."

"गाभा जिन्याला काढून ठेवला, बाहेरच्या पांढऱ्याचा बाक केला. त्याच ओंडक्याचा आहे."

"हात आला की लागेल तो."

"हात यायचा असता तर आला असता." हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, पाऊस थांबलाय म्हणावं तसं. मग त्यांनी उजव्या मुठीतली बोटं डाव्या हातानं एकेक करून उघडली आणि तो रबरी चेंडू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "जिना राहू दे."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे उभ्या राहून रडल्या. मिस्त्रींना ते ऐकू येत असणार, पण त्यांनी हाक मारली नाही.

पण बाक तसाच पुरून चालणार नव्हतं. इतकी वर्षं वहिनींनी त्याला कडू पाणी पाजलं होतं, वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहिली नसती. वरचा कडू थर रंधून काढायला हवा होता. दुसऱ्या दिवशी वहिनींनी चादर काढली, खुर्ची शेडमध्ये नेली आणि मिस्त्रींना धरून तिथे बसवलं. रंधा खाली काढला. त्याला पुढून एक हात लागतो आणि मागून दुसरा. मिस्त्रींनी डावा हात पुढे ठेवला. मागून वहिनींनी ढकललं.

पहिल्या फेरीला रंधा अडकला. "दाबू नको," मिस्त्री म्हणाले. "तो जातो आपला आपण. तू फक्त सोबत जा." दुसऱ्या खेपेला थोडा पुढे गेला. मग हळूहळू ताल सापडला. आधी काळपट, कडू वासाच्या ढलप्या पडल्या, मग फिकट आणि शेवटी स्वच्छ पांढऱ्या, कागदासारख्या पातळ. शेडमध्ये ताज्या लाकडाचा वास सुटला. तो वास त्या घरातून किती वर्षं गेला होता, हे वहिनींना त्याच वेळी कळलं. मिस्त्रींच्या कपाळावर घाम होता. बाक संपवण्यासाठी का होईना, ते बाकावर काम करत होते, आणि त्यांचा चेहरा कामावरच्या माणसाचा दिसत होता. वहिनींनी मुद्दामच घाई केली नाही. गुळगुळीत झालेल्या जागेवरूनही त्यांनी आणखी हात फिरवले.

एक ढलपी उचलून मिस्त्रींनी तोंडाच्या डाव्या बाजूला, जिथे चव कळायची तिथे ठेवली. चघळली.

"गोड," ते म्हणाले. "झालं."

मग वहिनींनी चुलीवरचं पाणी पळीत घेऊन त्यांच्यापुढे धरलं. "याचीही सांगा. माझं मला खरं वाटत नाही."

मिस्त्रींनी थेंब जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि काठी टेकत टेकत खुर्चीतून उठले. वहिनींनी त्यांचा दंड धरला. दोघं फाटकाकडे निघाली. त्या चालीनं फाटक म्हणजे परगावच. पन्हळीखालचं पिंप मागे पडलं, पायरी मागे पडली. मिस्त्रींनी फाटकाला हात लावला आणि म्हणाले, "आहे अजून." दूधवाला समोर उभा होता. तो बाजूला सरकला आणि काही न विचारता थांबला.

त्यानंच बाक करवतून तुकडे करायला मदत केली आणि आपल्या तीनचाकीवरून ते नर्सबाईंकडे नेले. वहिनींनी ते जिन्याच्या मागच्या भिंतीबाहेर ओल्या मातीत पुरले, वर पोतं टाकलं. आत वरून खाली पाणी लावत आल्या, कोरडी बाजू कोरडी ठेवली. आणि मग वाट पाहण्याशिवाय काम उरलं नाही. या कामातलं सगळ्यांत अवघड काम तेच असतं.

थंडी सरत आली तेव्हा जिन्यावरची मातीची नळी वाळून आपोआप गळाली. नवी आली नाही. वहिनींनी बाहेरचे ठोकळे उकरले. वजनाला हलके झाले होते, फोडताच आतून पांढरी, वळवळणारी वाळवी सांडली. त्यांनी सगळं तिथेच जाळलं. एवढासा, आतून रिकामा झालेला एक तुकडा तेवढा धुरावर धरून, झटकून, घरी आणला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींनी तो तळहातावर तोलून पाहिला.

"चांगलं लाकूड होतं," ते म्हणाले. "आवडलं त्यांना."

खालच्या तीन पायऱ्या पलीकडच्या गल्लीतल्या सुतारानं नव्या केल्या, गाभ्याच्या. तो खाचा कशा करायच्या ते विचारायला येऊन मिस्त्रींच्या खिडकीशी बसून गेला. नर्सबाईंनी शब्द दिल्याप्रमाणे जिन्यावर मनसोक्त आदळआपट केली, आणि लोखंडवाल्याला निरोप पाठवला की येऊ नको.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या तेव्हा मिस्त्रींनी नेहमीसारखं काही विचारलं नाही. एकदा खोटं ऐकलेला माणूस पुन्हा कसं विचारणार? वहिनींना ते लागलं, पण रागावण्याचा हक्क त्यांना नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला थांबवलं, मिस्त्रींना तीनचाकीवर बसवलं आणि नर्सबाईंकडे घेऊन गेल्या.

जिन्यासमोर खुर्ची मांडली होती. मिस्त्री बसले. जिना होऊन गेल्यावर ते पहिल्यांदाच त्याला बघत होते. त्यांनी कठड्यावरून डावा हात फिरवला. इतक्यात आतल्या खोलीतून एक बाळंतीण आली, नुकतीच उठलेली, छातीशी झोपलेलं बाळ. तिची खोली आता परत वर होती. नर्सबाईंनी तिला खुणेनंच जा म्हटलं.

मिस्त्रींनी डोळे मिटले. मान थोडी कलती केली, कान जिन्याकडे. वहिनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. हाताखाली तो खांदा ताठ झालेला त्यांना कळत होता. कोणी हललं नाही.

असा बराच वेळ गेला. मग मिस्त्रींनी डोळे न उघडताच विचारलं, "चढतेय ना ती?"

"ती केव्हाच वर गेली," वहिनी म्हणाल्या.